नातीच्या वजनाइतके तांदूळ

आज शनिवार. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी इंदिरानगरच्या एका दुकानासमोर तीनचाकी बाबागाडी उलटली. आत माझी सात महिन्यांची नात नव्हती, तिच्या वजनाइतके तांदूळ होते.

सोमवारपासून लेक ऑफिसला जाणार आणि नातीला फिरवणं माझ्याकडे येणार. आमच्या महादेवपुऱ्याच्या गल्लीत खडी आणि खड्डेच आहेत, म्हणून मोठ्या चाकांची गाडी हवी होती. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर ती छान पळाली. पण मी घरून तांदळाची पिशवी नेली होती. ती पट्ट्यांनी बांधली, पुढचं चाक वळू नये म्हणून असलेला खटका लावला आणि गाडी फुटपाथवर काढली. पहिल्याच उखडलेल्या लादीवर खटका सुटला, चाक आडवं झालं आणि गाडी कलंडली.

विक्रेता कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "अक्का, पिशवी सरी, नीट बसवली नाही तुम्ही."

"पिशवी निदान गप्प बसते, अण्णा. बाळ वळवळतं!"

त्यानं गाडी पुसली आणि पुन्हा दर्शनी काचेमागे विकायला मांडली.

ग्रुपवरच्या आजी-आजोबांनो, खराब रस्त्यावर तुमची कुठली गाडी टिकली? कृपा करून सांगा, माझ्याकडे एकच दिवस आहे.

आणि दुकानाचे मालक याच ग्रुपवर आहेत. साहेब, ती गाडी विक्रीतून काढली की नाही? उद्या संध्याकाळी पाचच्या आत इथेच लेखी उत्तर द्या. "बघतो" हे उत्तर मी ग्राह्य धरणार नाही.