मानेसरच्या वखारीत आईचा कोट

मानेसरच्या पुढे एका रिसॉर्टवाल्याने फरची वखार उभारली आहे. कुठल्याशा थंड देशात पूर्वी केसाळ कातड्यांचा व्यापार चालायचा, तसलं लाकडी ओंडक्यांचं ठाणं, हुबेहूब. हरियाणात! कुणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे. पण लेकीच्या वर्गातली निम्मी पोरं जाऊन आली होती, म्हणजे आम्हालाही जाणं आलंच. नवऱ्याने ऐनवेळी ऑफिसचा कॉल पुढे करून अंग काढून घेतलं. मग नोएडाहून गाडी हाकायला मी, मागे लेक, आणि हल्ली आमच्याकडेच राहायला आलेले आई-बाबा.

तिथे आत पैसे चालत नाहीत. घरून एखादी जुनी वस्तू न्यायची आणि घासाघीस करून बदल्यात तिथलं काहीतरी आणायचं. मी लग्नात आलेला, बारा वर्षं नजरेत खुपणारा लेमन सेट घेतला होता. आईच्या मांडीवर भलीमोठी पिशवी. "काय आहे गं?" विचारलं तर म्हणाली, "असू दे."

वखारीत शेकोटी, भिंतीवर नकली कोल्ह्यांची कातडी, आणि केसाळ टोपीखाली घामाघूम झालेला, दाढी चिकटवलेला व्यापारी. आईने त्याच्यापुढे पिशवी उलटी केली आणि बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. आत तिचा कोट होता.

बाबा फौजेत होते. हा कोट त्यांनी पहाडातल्या पोस्टिंगवरून आणलेला, गुडघ्यापर्यंत लांब, कॉलरला खरी फर. आईने तो एकदाही घातला नाही. मात्र प्रत्येक बदलीला ट्रंकेत सगळ्यात वर तोच असायचा, दरवर्षी त्याला ऊन दाखवायचं, डांबराच्या गोळ्या घालायच्या. दिल्लीच्या थंडीत दोन स्वेटर आणि शाल गुंडाळून कुडकुडेल, पण कोट नाही म्हणजे नाही. यावरून बाबा आयुष्यभर धुसफुसत आले आहेत.

"विकायला काढलास?" बाबांचा आवाज एवढासा झाला होता.

"विकतंय कोण? अदलाबदल आहे."

व्यापारी खूश. त्याने तांब्याची किटली पुढे केली. "बस, इतना ही?" आई म्हणाली. किटलीवर मण्यांची माळ आली, मग घोंगडी, मग आम्हा सगळ्यांचं जेवण. आई ढिम्म. "आजी, मस्त डील आहे यार, बोल ना हो!" लेक नाचायला लागली.

"दे, देऊन टाक एकदाचा!" बाबा गरजले आणि पाठ फिरवून कोल्ह्याकडे बघत उभे राहिले. मला त्यांची इतकी दया आली, आणि आईचा असा संताप आला, की मी तिचा हातच धरला. "पुरे झालं हं, आई." तिने हात झटकला.

शेवटी व्यापाऱ्याने हात जोडले. "माताजी, आप ही बताइए, क्या चाहिए?"

आई बाबांच्या पाठीकडे बघत मराठीतच बोलली. "यांनी कोट आणला तेव्हा म्हणाले होते, पुढच्या हिवाळ्यात तुला बर्फ दाखवायला नेतो. त्यासाठी ठेवला मी. साध्या थंडीत वापरून खराब कशाला करायचा? पण आता कुठले जातोय आपण! म्हटलं, जाऊ दे कुणाच्या तरी अंगावर."

व्यापारी माझ्याकडे बघत राहिला. मी हातानेच त्याला थांब म्हणून खुणावलं.

बाबा वळले. "मला वाटायचं, तुला आवडलाच नाही."

"न आवडलेल्या वस्तूला कोण एवढी वर्षं ऊन दाखवतं, अहो?"

बाबांनी कोट उचलला, झटकला, नीट घडी घालून काखेत मारला. मग जरा घाबरतच विचारलं, "पण तुझे गुडघे? पहाड चढवेल का तुला?"

"नाही चढवलं तर उचला," आई म्हणाली. "कोटासकट."