सीलचा भरवसा

आमच्या असोद्यात भाईदासनानांना चहा पाजणं म्हणजे स्वतःची झडती देणं. ते आधी कपाकडे बघतात, मग पातेल्याकडे, मग तुमच्याकडे. मी भूपेंद्र, त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. त्यांच्याच अंगणात खेळून मोठा झालो, तरी माझ्या घरचा चहा त्यांनी कधी सरळ मनाने घेतला नाही. "दूध कोनाचं हाय?" हा पहिला प्रश्न. उत्तर काहीही द्या, कप तसाच मागे यायचा.

या संशयाला कारण नव्हतं असं मात्र नाही. उमेदीची वर्षं नानांनी जळगावला फळांच्या वखारीत काढली. कच्च्या आंब्यांच्या क्रेटमध्ये कार्बाइडच्या पुड्या सारायच्या, वरून ताडपत्री ओढायची, की हिरवागार आंबा पिवळाधमक होऊन बाहेर. वखारीत त्या पुडीला 'मसाला' म्हणत. हा मसाला नानांनी स्वतःच्या हाताने भरला आणि तेच आंबे लोक नाकाला लावून, खूश होऊन घरी नेताना पाहिले. तेव्हापासून उघड्यावरच्या प्रत्येक वस्तूवरून त्यांचं मन उडालं. रसवंतीच्या बर्फात त्यांना गटार दिसायचं. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणाऱ्याकडे ते असे रोखून बघत, की तो बिचारा त्यांचं पान टाळून पुढे सरकायचा.

मग हा माणूस प्यायचा तरी काय? बाटलीतलं आंब्याचं पेय, सीलबंद. बाटली कानाशी धरून झाकण फिरवायचे आणि सील तुटल्याचा 'कट्' आवाज आला की चेहरा खुलायचा. "कारखान्यातून निघाली ते आपल्याच हातात. मधी कोनाचा हात नही," म्हणायचे. सकाळी एक, मळ्यात एक, संध्याकाळी एक. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरोघर पुरणपोळीबरोबर आमरस असतो. नानांच्या घरी वाटीत बाटली ओतली जायची, कारण आंब्याचा भरवसा नव्हता.

हे त्यांच्यापुरतं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण घरात डिंपल होती, त्यांची अकरा वर्षांची नात. मुलगा प्रेमराज सुरतला नोकरीला, त्यामुळे सून दीपमाला आणि नात नानांच्या भरवशावर. नातीवर जीव इतका, की बाहेरचा थेंब तिच्या पोटात जाऊ द्यायचा नाही. शाळेच्या टाकीत पाली पडतात हे त्यांनी न बघताच ठरवून टाकलं होतं, म्हणून दप्तरात पाण्याऐवजी बाटली. माठातलं पाणी तर डिंपल घरीसुद्धा प्यायची नाही. माठात कोण कसले हात बुडवतं ते आपल्याला कळत नाही, हे नानांनीच तिच्या डोक्यात भरलेलं.

यंदा उन्हाळ्यात डिंपलची मान काळी दिसू लागली. मागच्या बाजूला, वळ्यांमध्ये, जाडसर काळा पट्टा. दीपमाला रोज न्हाणीत तिची मान घासायची, साबणाने, बेसनाने, लिंबाने. पोर रडायची, मान लाल व्हायची, काळेपणा तसाच. नानांनी तपास सुरू केला. आधी साबण नकली ठरला, मग बेसनात भेसळ ठरली. शेवटी नजर गेली डिंपलच्या गळ्यातल्या साखळीवर. "सोन्यात कायतरी कालवलं सोनारानं. त्याचाच डाग पडून राह्यला," असं जाहीर करून ते माझ्या मोटारसायकलवर बसले.

जळगावचं सोनं लोक डोळे मिटून घेतात. नाना ते डोळे फाडून बघायला गेले. सोनाराने साखळी मशीनमध्ये ठेवली आणि आकडा दाखवला, सोनं चोख होतं. परत येताना नाना माझ्या कानाशी म्हणाले, "मशीनबी त्यायचंच ना, भो." मी गाडीचा वेग वाढवला, दुसरं काय करणार.

त्या दिवशी दीपमालाचा बांध फुटला. "नाना, आता पोरीची कातडी सोलू का मी? उद्या डॉक्टरकडे नेते."

डॉक्टरीणबाईंनी मानेवरून बोट फिरवलं, काखा पाहिल्या, वजन केलं. म्हणाल्या, "हा मळ नाही, कितीही घासा, जाणार नाही. अंगात साखर इतकी जातेय की ती आवरायला शरीर जास्त जास्त इन्सुलिन बनवतंय आणि त्याचा उपयोग होत नाहीये. त्याची खूण मानेवर उमटते. ही दिवसभर पिते काय?"

"बाहेरचं कायबी नही," नाना अभिमानाने म्हणाले. "सगळं सीलबंद."

बाईंनी बाटलीचं नाव विचारलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. मग सांगितलं, की हे आजच थांबलं तर पोर यातून परत फिरू शकते, नाहीतर कॉलेजात जायच्या आत हिला मधुमेहाच्या गोळ्या लागतील. रक्त तपासायला लिहून दिलं.

नानांना त्यात डॉक्टर आणि लॅबचं साटंलोटं दिसलं. चोर पकडायची युक्तीही सुचली. लॅबमध्ये स्वतःचा हात पुढे करून म्हणाले, "माह्यं रगतबी घ्या. मी ठणठणीत हाय. माह्यात खोट निघाली तं समजायचं, लॅबच खोटी." आता, ठणठणीत माणूस रात्रभर खाट सोडून लघवीला अंगणात जात-येत नाही. त्यांच्या दाराची कडी मला घरात ऐकू यायची. पण बोलणार कोण?

डिंपलचं इन्सुलिन वाढलेलं निघालं आणि साखर काठावर. नानांची साखर इतकी होती की लॅबवाल्याने स्वतः फोन करून आम्हाला सकाळीच लॅबमध्ये बोलावून घेतलं. नानांनी मांडीवर थाप मारली. "पाह्य! म्हनत नव्हतो? लॅबच खोटी!" आणि तिथल्या तिथे, माझ्या डोळ्यांदेखत, पिशवीतली बाटली काढून त्यांनी डिंपलच्या हातात दिली. मला असा संताप आला की हात धरून हलवावं त्यांना. वयाचा मान आडवा आला.

 घरी येताच दीपमालाने चूल पेटवली. नाना दूधवाल्याची परीक्षा घ्यायचे ती अशी, की दूध आटवायचे आणि खाली खवा किती उरतो ते बघायचे. दीपमालाने कढईत दूध नाही घातलं. दिवसाच्या तीन बाटल्यांची सीलं नानांच्याच हातून तोडून घेतली, त्या कढईत ओतल्या आणि आटवत बसली. घरभर गोड, करपट वास सुटला. तळाशी दाट, तांबूस पाक उरला आणि झारा त्यात रुतून बसला. तिने तो ताटलीत काढून नानांपुढे ठेवला.

नानांनी बोट लावलं, ते चिकटलं. ताटलीकडे बघत त्यांनी सवयीने विचारलं, "कोनी टाकलं हे याच्यात?"

"कोनी नही," दीपमाला म्हणाली. "सील तं तुम्हीच तोडलं."

नानांनी ताटली बाजूला सारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वखारीत लोकायच्या पोरायले मसाला चारला, तवा मले माहीत तरी होतं, भूपेंद्र. हिले काय पाजून राह्यलो, ते मले माहीतबी नव्हतं." आणि ते रडले. या माणसाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि सकाळचा सगळा राग असूनही माझा जीव कळवळला.

दुसऱ्या दिवशी बाटल्या बंद झाल्या. नानांनी डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या मधुमेहाच्या गोळ्या मुकाट्याने सुरू केल्या. माठ स्वतः घासला, पाणी स्वतः गाळून भरलं. दुपारच्या उन्हात डिंपलचे ओठ सुकलेले. नाना पेला घेऊन तिच्यासमोर बसले. तिने वास घेतला.

"कोनी भरलं?"

"मी भरलं, माय. पे."

तिने पेला खाली ठेवला. नानांनी तो उचलला, तिच्या देखत अर्धा पिऊन दाखवला आणि उरलेला पुढे केला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही तं बाटलीबी असेच पेत होते."