मिशी लावणाऱ्या बाई

बाईंना कुजबुजता यायचं नाही. बोईसरच्या बाजारात त्यांनी पापलेटाचा भाव विचारला की भाजीवाल्यापर्यंत ऐकू जायचा, आणि भाव आपसूक खाली यायचा. माइक नसलेल्या स्टेजवरून शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी बोलून बोलून तो आवाज तसा झाला होता. "जरा हळू," असं कुणी म्हटलं की म्हणायच्या, "हळू बोलायला मी काय चोरी केलीय?"

पण लोकांत त्यांची ओळख आवाजाची नव्हती. त्या 'मास्तरांची बाई' होत्या. मास्तर म्हणजे एके काळी गावोगाव लोकांना पोट धरून हसायला लावणारे विनोदी नट. उतारवयात नवापूरजवळच्या एका वाडीत दोन खोल्या घेऊन राहायला आले आणि बरोबर ह्या आल्या. लग्न झालेलं नव्हतं. मास्तरांचा संसार घाटावर होता, तोही कधीचा विस्कटलेला. शेजारणी आडून आडून चौकशा करू लागल्या, तेव्हा बाईंनीच सगळ्यांना पडवीत बोलावून बसवलं. "नाही झालं आमचं लग्न. आणखी काय विचारायचंय ते चहा घेता घेता विचारा." कुणी काही विचारलं नाही. चहा मात्र रोजचा झाला.

मी तेव्हा तारापूरच्या एका कारखान्यात कामाला होतो आणि गावच्या नाट्यमंडळात नायक. हसू नका, तेव्हा मला केस होते. आमच्याकडे तालमीला बायकांची कामं कुणीतरी बाप्याच वाचायचा. पैसे देऊन ठरवलेल्या नटी प्रयोगाच्या दिवशी दुपारी उगवायच्या आणि एकही तालीम न करता उभ्या राहायच्या. बाईही अशाच ठरवलेल्या नटी. वाणगावपासून दातिवऱ्यापर्यंत कुठलंही मंडळ बोलावो, नाटक पाठ! त्यांच्याबरोबरच्या पहिल्याच प्रयोगात माझी जीभ टाळ्याला चिकटली. "तुम्ही आता असंच म्हणणार ना, की..." असं म्हणत बाईंनी माझं वाक्य स्वतःच म्हटलं, त्याला उत्तरही दिलं आणि मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. लोकांना वाटलं, नायक प्रेमात बावरलाय. आत आल्यावर म्हणाल्या, "मान तरी हलवायचीस, मेल्या!"

इतकं असून मुंबईहून कुणी मुलाखतीला आलं की कॅमेरा मास्तरांवर, आणि बाईंना प्रश्न एकच: मास्तरांना जेवायला काय आवडतं? मला अशी तिडीक यायची! बाईंनाही लागायचं, आणि त्या ते लपवायच्या नाहीत. "आयुष्यभर तोंडाला रंग फासला मी," एकदा म्हणाल्या, "आणि विचारतात काय, तर आमटी!"

मग पालघरला मास्तरांचा सत्कार ठरला. कार्यकर्ते घरी आले, बसले आणि नुसतेच चुळबुळत राहिले. रीत अशी की सत्कारमूर्तीला शाल-श्रीफळ द्यायचं आणि शेजारी त्यांच्या पत्नीची खणानारळाने ओटी भरायची. बाईंची भरावी तर चार लोक नाकं मुरडणार. न भरावी तर मास्तर हटून बसलेले, "बाई स्टेजवर नसतील तर मीही नाही." शेवटी बाईच म्हणाल्या, "ओटी राहू द्या तुमची. मास्तरांच्या नाटकातला तो कंजूष म्हातारा बघायचाय ना लोकांना? ह्यांना आता उभं राहवत नाही. मी करते."

"तुम्ही? पुरुषाचं काम?"

"हे कोवळ्या वयात नऊवारी नेसून नायिका करायचे, तेव्हा कुणी विचारलं होतं का?"

मास्तर मात्र कचरले. तो म्हातारा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दुसऱ्या कुणाला त्यांनी तो कधी करू दिला नव्हता. "पडलं काम, तर आयुष्यभराची माझी अब्रू जाईल," ते म्हणाले.

"पडलं, तर मी पुन्हा तोंडाला रंग लावणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि मग खुशाल म्हणू द्या मला लोकांना काय म्हणायचं ते."

रविवारची दुपार. मास्तर पहिल्या रांगेत, चेहरा ओढलेला. मी स्टेजवर म्हाताऱ्याचा जावई. विंगेतून धोतर, जुना कोट आणि झुपकेदार मिशी अवतरली. म्हाताऱ्याने जावयाच्या चहात घालायला चमचाभर साखर घेतली, माझ्याकडे पाहिलं, थोडी परत डब्यात टाकली, पुन्हा पाहिलं, आणखी थोडी टाकली. मागून बोईसरचा कुणी कामगार ओरडला, "अरे, ये तो मास्टरजी हैं!" हॉल हसला. हसू ओसरेपर्यंत बाई थांबल्या, आणि मग रिकामा चमचाच माझ्या कपात फिरवला. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला! मास्तर हसत होते आणि उपरण्याने डोळे पुसत होते. मलाही आवरेना, आणि जावयाने का रडावं हे नाटकात कुठेच नव्हतं.

खेळ संपताच नवापूरच्या कोळणी थेट स्टेजवर चढल्या. एक कार्यकर्ता आडवा आला, तशी त्यांतली एक कडाडली, "सर बाजूला! आमी भरतो बाईची वटी. तुला काय अडचन हाय?" मिशी तशीच, कोट तसाच. बाईंनी धोतराचा सोगा पुढे केला आणि ओटी घेतली.

पुढे मास्तर गेले. बाईंनी तो म्हातारा चालूच ठेवला. नटी म्हणून बोलावणाऱ्या मंडळांनाच आता म्हातारा हवा असायचा. एकदा दातिवऱ्याच्या प्रयोगाआधी मी तिथल्या पोरांना म्हटलं, "हे काम आधी मास्तर करायचे बरं का." पोरं म्हणाली, "कोन मास्तर?"

बाई खूश होतील म्हणून मी हे त्यांना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. हातातली मिशी त्यांनी खाली ठेवली, उठल्या, पडद्याबाहेर गेल्या आणि त्या खणखणीत आवाजात लोकांना मास्तरांचं पूर्ण नाव सांगितलं. त्यानंतर काम करत होत्या तोवर एकही प्रयोग त्यांनी ते नाव घेतल्याशिवाय सुरू केला नाही.