टाकीतली गुरं

खेत्सीवे शोंग्वे कामाच्या पाळीवर आली की आधी पहिल्या टाकीच्या पत्र्याला हात लावायची. तापल्या अंगासारखा लागणारा पत्रा त्या मंगळवारी निवला होता.

दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टनच्या डोंगरातलं सोनं गंधकी खनिजात अडकलेलं. नुसतं दळून ते सुटत नाही. टाक्यांतले जंतू चार-पाच दिवस ते खनिज खातात, मग सोनं सायनाइडच्या हाती लागतं. कारखान्यात या जंतूंना सगळे गुरं म्हणतात आणि खनिजाच्या गाळाला चारा.

"बाबा, गुरं आजारी आहेत," ती पाळीप्रमुख मगागुलांना म्हणाली. तिकडे मानाने पुरुषाला बाबा आणि बाईला आई म्हणतात.

"कसली आजारी? पाण्यातला प्राणवायू बघ, दोनवरून पाचवर गेलाय, भरपूर उरतोय. चारा वाढवू या."

"प्राणवायू उरलाय, कारण घेणारं कोणी नाही."

"तू मला शिकवणार? तुझ्या घरची गाय तुला बघून दूध आटवते म्हणे."

"तुमच्याकडूनच घेतली होती. आटूनच आली."

मगागुला हसले आणि चाऱ्याच्या पंपाकडे वळले.

कारण तिला ठाऊक होतं. रविवारी गावाचं पाणी बंद होतं. सांडलेला गाळ वाळून फरशीला चिकटत होता, म्हणून तिने लाल नळ सोडला. त्याला सायनाइडच्या टाक्यांतून परतलेलं पाणी येतं, गुरांना ते विष. फरशीचं सांडपाणी पंपाने पहिल्याच टाकीत जातं. थोडं पाणी, काय होणार, असं तिला वाटलं होतं. आता चारा वाढला तर उरलीसुरली गुरंही दुपारपर्यंत संपतील, नवी वाढवायला महिने लागतील. सांगितलं तर अकरा वर्षांची टाक्यांवरची जागा जाईल.

ती दोनदा पंपाच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा चढली.

"पंप लावू नका. रविवारी मी फरशी लाल नळाने धुतली."

मगागुलांचा हात बटणावरून खाली आला. "किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"आणि आज सांगतेस?"

"शंका कालच आली होती."

चारा बंद झाला. दुसऱ्या टाकीतला निरोगी गाळ पहिलीत सोडला. दुपारी तिला पत्र मिळालं: शुक्रवारी चौकशी, तोवर टाक्यांकडे फिरकायचं नाही.

बुधवारी ती कुंपणाबाहेर उभी होती.

"बाबा, प्राणवायूचा आकडा?"

"साडेचार. घरी जा, आई."

ती गेली नाही. गुरुवारी मगागुलांनी सांगितलं, आकडा तीनवर आलाय, टाकीचा पत्राही तापू लागलाय.

शुक्रवारी चौकशीनंतर तिला दगड फोडण्याच्या विभागात धाडलं. तिथून टाक्या दिसत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता टाक्यांकडे निघते.