पायांचा कौल

"थेंब द्यायचे नायत म्हंजे नायत!" भागोजीने औषधाची बाटली वरच्या फळीवर सरकवली. "देवीने डावा कौल दिलान, नाय बोलली. आता पुढं बोलायचं नाय."

"बोलणार!" हौसा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "थेंब पोटात गेले तशी पोराची सूज उतरली होती का नाय? काल तुमी बंद केलंत. आता ऐका, ऐका त्याचा दम!"

पडवीत त्यांचा दादू भाताच्या पोत्याला टेकून बसला होता. वीस वर्षांचा जवान पोर. पण आडवा झाला की गुदमरायचा. त्याचा श्वास घरात ऐकू येत होता.

हौसाच्या भावाच्या, धोंडूच्या, पोटऱ्या पैलवानासारख्या फुगलेल्या. सारं आरे गाव कौतुक करायचं. पुढे त्याचं चालणं सुटलं, आणि एक दिवस बसल्या जागी दम लागून तो गेला. एकोणीसशे तेहतीसच्या भातलावणीत दादू चिखलात कोसळला आणि गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत स्वतःला वर ढकलत उठला. हौसाच्या हातातली रोपांची मूठ गळून पडली. धोंडू अस्साच उठायचा.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "हे आईच्या माहेराकडून रक्तात आलंय, बाई. पायांना औषध नाही. पण काळीजही मांसाचंच, तेही थकत चाललंय. हे थेंब त्याच्यासाठी." तेव्हा भागोजी बाहेर बैल सोडत होता.

हौसाला एकदम काहीतरी सुचलं.

"देवीला नेमकं इचारलंत काय?"

"काय म्हंजे? ह्या औषधान पोराचे पाय बरे व्हतील काय, असं. गुरवान देवीला फूल लावलान. डावं पडलं."

"पाय? अवो, थेंब छातीचे हायत! पाय बरे व्हणार नायत हे डाक्टरच बोललाय. देवी खोटं कुठं बोलली? इचारणारा चुकला!"

भागोजीने फळीवरच्या बाटलीकडे पाहिलं. "मग छातीचा कौल लावतो. सोमवारी."

"आणि तवर?"

"तवर थांब गो. देवीला डावलून कसं चालंल?"

पडवीत खोकल्याची उबळ आली, मधेच तुटली. दोघांनीही माना वळवल्या. मग श्वास पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा घाईचा.

हौसाने पाट ओढला, त्यावर चढून बाटली खाली घेतली आणि फुलपात्रातल्या पाण्यात थेंब मोजून टाकले.

"हौसा," भागोजीने विचारलं, "छातीचाही डावाच पडला तर?"

हौसा फुलपात्र सावरत पडवीत निघून गेली.