बारीक अक्षरांतलं दूध

अनसूया गेली, हे तिच्या मुलाने, दिलीपने, फोनवर सांगितलं तेव्हा मी भाजी निवडत होते. ऐकलं, फोन ठेवला आणि उरलेली भाजी निवडून टाकली. रडू आलं ते थेट तेरवीला, तेही रागाने. भिलाईतल्या खुर्सीपारला तिच्या घरी गेले तर तिथे जमलेल्या दोघातिघांनी मला ऐकवलं, बाई मनाने चांगल्या, पण स्वभाव मोठा हट्टी. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे, आणि मी ती पाळणार आहे. होय, अनसूया हट्टी होती. तिच्या हट्टावर वाढलेली पोरं आज नातवंडं खेळवून राहिली आहेत. आता महिना उलटला आहे, त्या हट्टाची गोष्ट सांगायला हरकत नाही... आणि ती माझ्याशिवाय दुसरं कोणी सांगणारही नाही.

भिलाईच्या भट्ट्या नुकत्या पेटल्या होत्या. अर्धा कारखाना उभा होता, अर्धा अजून मातीत होता. ती माती डोक्यावरून वाहणाऱ्या बायकांना रेजा म्हणत. त्यांच्या पोरांसाठी खुर्सीपारला पत्र्याची एक बालवाडी होती. अफसरांच्या बायकांचं एक मंडळ ती चालवी. मी नागपूरची, मॅट्रिक झालेली, क्लार्कची बायको, म्हणून मी ‘बाई’. अनसूया भंडाऱ्याकडच्या धानवाल्या घरातली, चौथी शिकलेली, नवरा भट्टीवर खलाशी, म्हणजे अवजड सामान ओढणारा मजूर, म्हणून ती ‘स्वयंपाकीण’. मी पोरांना गाणी शिकवायची, ती पेज शिजवायची. तांदळाच्या कण्यांची दाट पेज, त्यात मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, कोवळा पाला, वर मूठभर उकडलेले चणे आणि गुळाचा खडा. दर सोमवारी ती कोळशाच्या टालावरून काटा मागून आणी, तो दाराच्या बल्लीला टांगून, लुगड्याच्या झोळीत घालून एकेक पोर तोलत असे. कोणी शिकवलं होतं, विचारलं तर म्हणायची, गावी धान तोलतो, पोरं काय धानापेक्षा स्वस्त आहेत?

एका सकाळी मंडळाच्या अध्यक्षीणबाई जीपमधून आल्या, सोबत रंगीत खोकी. आत मक्याचे कुरकुरीत पोहे. साहेबांच्या घरी सकाळी हेच खातात, आता आपल्या पोरांनाही हेच; पेज म्हणजे गरिबाचं खाणं, ते बंद. मनाने वाईट नव्हत्या बाई. पहिल्या दिवशी स्वतःच्या घरून दुधाची बरणी घेऊन आल्या होत्या. पोरांनी वाट्या चाटून पुसून ठेवल्या. मग त्यांनी मला खोक्यावरचं इंग्रजी वाचून सगळ्या आयांना समजावायला सांगितलं. मी काय फुलले होते! हातात खोकं धरून वाचलं, यात लोह आहे, जीवनसत्त्वं आहेत, हाडं बळकट करणारं आहे, एका वाटीत मुलाची सकाळ निघते. लोह म्हटल्यावर त्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. दिवसभर लोखंडाचाच कारखाना बांधत होत्या ना. बाईने पुस्तकासारखं वाचलंय म्हणजे खरंच असणार, असं समजून त्या कामावर गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून दूध नव्हतं. ते कुठून येणार, कोणी विचारलंच नाही. आम्ही कोमट पाणी आणि साखर घातली. तिसऱ्या सोमवारी सुकवारो नावाची चार वर्षांची पोर झोळीत बसली, तेव्हा अनसूयाने काटा दोनदा पाहिला. पोर वजनात उतरली होती. एकटीच नाही, बहुतेक सगळी. पुढच्या आठवड्यात सुकवारो गाणं म्हणता म्हणता बसल्या जागी आडवी झाली. तिच्या आईला कामावरून बोलावून आणलं. तिने पोर उचलली, आणि उचलताना ती किती हलकी झाली आहे हे तिला कळलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. माझ्याकडे बघून ती छत्तीसगढीत एवढंच म्हणाली, की तुम्ही सांगितलं होतं तेच खात होती. ते वाक्य मी आजवर कुठे ठेवू शकलेले नाही.

आई पोरीला घरी घेऊन गेल्यावर अनसूयाने खोकं माझ्यापुढे आपटलं. तिचं बोट खोक्याच्या तळाशी होतं.

“हे खाली मुंग्यायवानी काय लिहून आहे? तू हे वाचलं नाही कावून?”

मी वाचलं. वर लिहिलेलं सगळं, एक पेला दुधासोबत खाल्लं तर. मी ती ओळ त्या दिवशी पाहिली होती, हे इथे कबूल करते. बारीक होती, म्हणून बिनमहत्त्वाची समजून सोडली होती.

अनसूयाने त्याच दिवशी कण्या शिजत घातल्या. आठवड्याच्या आत अध्यक्षीणबाई जाब विचारायला आल्या. अनसूयाने एका वाटीत ते पोहे घेतले, वर पाणी ओतलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

“दूध काढून घेतलं तं या खोक्यात काय उरते, बाई? हे खा, अन् दुपारपर्यंत माती उचलून दाखवा.”

बाईंचा चेहरा लाल झाला. उद्धटपणा खपवून घेणार नाही म्हणाल्या. मग विचारलं, हे दुधाचं तुला कोणी सांगितलं? इंग्रजी वाचणारी एकच होती तिथे, त्यांच्या शेजारी, मान खाली घालून उभी. अनसूया म्हणाली, काट्याने सांगितलं. तिची नोकरी तिथेच गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली ती स्वतःची शेगडी घेऊन, आणि कुंपणाबाहेर मुनग्याखाली पेज मांडली. कण्या रेजांनी घरून आणल्या होत्या, पसापसा. आत खोकी आणि मी. बाहेर सगळी पोरं, सुकवारोही. तीन दिवस मी त्या रिकाम्या शेडमध्ये गाणी म्हणायला बसले. चौथ्या दिवशी खोकं उचलून सेक्टर दहाला बाईंच्या बंगल्यावर गेले आणि ती ओळ त्यांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचली, बराच वेळ. खोकी बंद झाली, पेज परत आली. अनसूयाला मात्र परत घेतलं नाही. माझी नोकरी राहिली, पुढे वाढलीही. माझ्या निरोपसमारंभात कोणीतरी भाषण केलं की पोरांच्या पेजेसाठी शालूताई झगडल्या. मी हार घालून घेतला.

तेरवीची माणसं पांगल्यावर मी दिलीपला हे सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. त्याने आत जाऊन एक वाटी आणली, माझ्या हातात दिली. त्या घरात सकाळी अजून पेजच होते, मुनग्याचा पाला घालून.

“आईनं सांगितलं होतं, मावशी. ती तं म्हणे, शालूले इंग्रजी येत होतं म्हणून समजलं.”

म्हणजे साठ वर्षं ती स्वतःच्या घरातही माझीच बाजू घेत राहिली. नाही, अनसूया. तुझ्या सगळ्या हट्टांपुढे मी हरले, या एकापुढे हरणार नाही. इंग्रजी मला येत होतं, आणि तरी समजलं ते तू विचारलंस म्हणून. हे आता छापून येईल, मोठ्या अक्षरांत.