त्याच नको म्हणाल्या

रोह्याच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात प्रणिता मॅडमसमोर ‘पेशंट नको म्हणाला’ असं बोलायची सोय नाही. त्यांची आई धरमतरच्या मिठागरात राबलेली. शेवटच्या आजारात तिची जीभ कोरडी ठाक पडली, तेव्हा वॉर्डातली नर्स म्हणाली होती, “आम्ही पाणी विचारलं. त्याच नको म्हणाल्या.”

एकदा सरावाच्या तासाला एक मुलगी म्हातारी बनून खाटेवर पडली होती. तिनं पाणी नको म्हटलं आणि नर्स झालेली मनस्वी पेला ठेवून पुढे गेली. मॅडम भडकल्या. “उठव तिला. आता तू झोप!”

म्हातारपण कसं असतं ते कळावं म्हणून मनस्वीच्या हातापायांना वाळूच्या पिशव्या बांधल्या, चष्म्याला व्हॅसलीन फासलं आणि तिला दुपारभर तसंच ठेवलं.

“मॅडम, अति होतंय,” मी म्हटलं.

“होऊ दे.”

संध्याकाळी मॅडमनी स्वतः पाणी विचारलं. मनस्वी म्हणाली, “नको.”

“तहान नाय लागली?”

“लागलीय. पण मग बाथरूमला जावं लागेल. दर वेळी उठवायला कुणाला हाक मारू?”

मॅडम खाली बसून एकेक पिशवी सोडवू लागल्या.

पुढच्या महिन्यात पेणच्या वॉर्डात एक खरी आजी मनस्वीला म्हणाली, “पानी नको गो.” मनस्वीनं आग्रह केला नाही. तिनं आधी बेडपॅन आणून खाटेखाली ठेवलं, पडदा ओढला आणि शेजारी स्टुलावर बसली. “मी हितंच हाय, आजी. हाक मारायला नको.”

आजीनं पेला रिकामा केला आणि परत पुढे धरला.